तुसाचा गॅस : कर्जाचा ठराव लिहिण्याआधी समजून घेऊ



गेल्या महिन्यात गडबमधल्या एका गटाच्या बैठकीला एक विक्रेता आला होता. त्याने मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. यंत्रात भाताचं तूस टाकलं की वर निळा जाळ! “सिलिंडर बंद, धूर बंद, खर्च शून्य,” असं तो म्हणाला. यंत्रासाठी गटाने बँकेचं कर्ज काढायचं, असा प्रस्ताव होता. एका मावशींनी मला विचारलं, “अगो, हे गोबरगॅससारखंच ना?” मी मान हलवली आणि म्हटलं, “हो, तसंच.”

ते चुकीचं होतं. घरी जाऊन वाचलं, दोन-तीन जाणकारांना विचारलं, तेव्हा कळलं की मला नीट माहीतच नव्हतं. महिन्याला शंभर-शंभर रुपये टाकून जमवलेल्या गटाच्या पैशाचा प्रश्न आहे, तिथे मान हलवून चालत नाही. म्हणून हा लेख.

धूर म्हणजे न जळलेला गॅस

चूल सगळ्यांनी पेटवलीय. ओलसर लाकूड घातलं की नुसता धूर होतो, डोळे चुरचुरतात. मग फुंकणीने जोरात फुंकलं की एकदम ‘भप्’ करून जाळ होतो. त्या क्षणी काय पेटलं? धूरच पेटला. म्हणजे धुरात जळण्यासारखं काहीतरी होतं.

लाकूड, तूस, करवंटी, तुरीच्या काड्या, काहीही तापवलं की आधी त्यातलं पाणी जातं. मग लाकूड फुटून त्यातून वाफा निघतात. जाळ दिसतो तो या वाफांचा. मागे उरतो कोळसा. आता या तापलेल्या कोळशाला हवा बेताचीच दिली, तर कोळसा पूर्ण जळत नाही आणि त्यातूनही जळणारा गॅस सुटतो. यालाच लाकडाचा गॅस किंवा प्रोड्यूसर गॅस म्हणतात. तो ज्या भांड्यात तयार होतो तो गॅसिफायर.

या गॅसमध्ये अर्धाअधिक भाग साधा नायट्रोजन असतो, जो जळत नाही. जळणारा भाग म्हणजे मुख्यतः कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन. म्हणून हा गॅस सिलिंडरच्या गॅसपेक्षा खूप हलक्या ताकदीचा असतो. तो टाकीत भरून ठेवणं परवडत नाही. जिथे तयार होतो तिथेच लगेच जाळावा लागतो.

गोबरगॅस वेगळा, हा वेगळा

गोबरगॅस शेणापासून, पाण्यात, जंतूंच्या मदतीने होतो. त्याला ओलं लागतं आणि दिवस लागतात. हा गॅस आगीने होतो, त्याला कोरडं लागतं आणि तो काही मिनिटांत तयार होतो. लक्षात ठेवायला सोपं : ओल्याचा गोबरगॅस, सुक्याचा लाकूडगॅस. खरकटं आणि शेण असेल तर गोबरगॅस. तूस, काटक्या, करवंट्या असतील तर हा.

शेगडी कशी चालते

घरगुती गॅसिफायर शेगडी म्हणजे एकात एक बसवलेले दोन डबे. आतल्या डब्यात जळण भरायचं आणि *वरून* पेटवायचं. आपल्या चुलीच्या अगदी उलट. आग हळूहळू खाली सरकते. खालून थोडी हवा मिळते, तिच्यात गॅस तयार होतो. वरच्या बाजूच्या भोकांतून जास्तीची गरम हवा येते, तिच्यात तो गॅस जळतो. म्हणून धूर कमी. शेवटी आत कोळसा उरतो.

बारीक काटक्या, लाकडाचे तुकडे यांना पंखा नसला तरी चालतं. पुण्याच्या डॉ. प्रियदर्शिनी कर्वे यांच्या समुचित एन्व्हायरो टेकची ‘संपदा’ शेगडी याच प्रकारची आहे. पण तूस दाटून बसतं, त्यातून हवा आपोआप जात नाही. त्याला छोटा विजेचा पंखा लागतोच. फिलिपीन्समधले इंजिनिअर अॅलेक्सिस बेलोनिओ यांनी अशी तुसाची शेगडी तयार केली आणि २००८ साली त्यांना त्यासाठी रोलेक्स पुरस्कार मिळाला. म्हणजे तुसावर शेगडी चालते हे खरं आहे. विक्रेत्याने तेवढं खोटं सांगितलं नाही.

आता आपल्या तुसाचा हिशोब

१०० किलो भात भरडलं की साधारण २० किलो तूस निघतं. समजा एका घरी १० क्विंटल भात पिकलं. म्हणजे वर्षाचं तूस २०० किलो.

तुसाच्या एका किलोत सिलिंडरच्या गॅसच्या एका किलोच्या तिसऱ्या हिश्शापेक्षाही कमी उष्णता असते. त्यात शेगडीवर बरीच उष्णता वाया जाते. सगळं धरून १४.२ किलोच्या एका सिलिंडरचं काम करायला साधारण १०० किलो तूस लागेल. म्हणजे त्या घराचे वर्षाचे दोन सिलिंडर वाचतील. दोन सिलिंडर म्हणजे कमी नाही, पण ‘सिलिंडर बंद’ नक्कीच नाही.

यात आणखी दोन गोष्टी आहेत. पहिली : गावातली जुनी हलरची गिरण असेल तर तूस आणि कोंडा एकत्र, भुगा होऊन येतो. तो शेगडीत दाटतो आणि तसाही गुराकोंबड्यांना लागतो. तूस वेगळं काढणारी गिरण असेल तरच शेगडीजोगं तूस मिळतं. दुसरी : तूस खरंच फुकट जातं का? वीटभट्टीवाले ते नेतात. आज फुकट आहे, पण दहा घरांनी मागायला सुरुवात केली की गिरणवाला उद्या भाव सांगेल.

पेंढा ‘कचरा’ धरायचाच नाही. तो गुरांचा आहे. आणि खाडीकाठची तिवरं तोडून तर कुठल्याही शेगडीला घालायची नाहीत. त्याला कायद्याने बंदी आहे, आणि आपले खारबंधारे त्यांच्याच आडोशाने टिकतात.

हे आधी कुठे झालंय?

ही गोष्ट नवी नाही. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर रेशन आलं, तेव्हा आपल्या देशात मोटारी आणि बसगाड्या लाकडी कोळशाच्या गॅसवर धावायच्या. गाडीला लोखंडी भट्टी लावलेली असायची. घरात कोणी खूप वयस्कर असतील तर विचारा, ‘कोळशाची गाडी’ त्यांनी ऐकली असेल. लढाई संपली, पेट्रोल आलं, भट्ट्या गेल्या.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांनी उसाचं पाचट आणि त्यासारख्या पालापाचोळ्यावर चालणारा गॅसिफायर बनवला. पुण्याच्या आरती संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली उसाच्या पाचटाचा कोळसा करायची भट्टी बनवली. तिच्यात पाचटातून सुटणारा गॅस वाया न घालवता भट्टी तापवायलाच वापरतात. त्या कामाला २००२ साली अॅश्डेन पुरस्कार मिळाला. आपल्या भागात कातकरी बंधुभगिनी कोळसाभट्टीवर राबतात. त्या मातीच्या भट्टीतून हाच गॅस धूर होऊन उडून जातो आणि त्यांच्या छातीत जातो, हे मला हे वाचताना पहिल्यांदा कळलं.

आता आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं उदाहरण. २००६ च्या सुमारास ‘ऊर्जा’ नावाची शेगडी आली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने ती तयार केली होती, बीपी या मोठ्या तेल कंपनीने बाजारात आणली. आत छोटा पंखा, आणि जळण म्हणून शेतातल्या टाकाऊ मालाच्या दाबून केलेल्या गोळ्या. महाराष्ट्रात बचत गटांतल्या बायकांनीच ती घरोघर विकली. सुमारे चार लाख शेगड्या खपल्या. शेगडी चांगली होती, धूर कमी होता. पण पुढे कच्चा माल महागला, गोळ्या महागल्या आणि घरोघरच्या शेगड्या बंद पडत गेल्या. शेवटी कंपनीने घरगुती गिऱ्हाईक सोडून हॉटेलांकडे लक्ष वळवलं. शेगडी मोडली नव्हती, जळण तुटलं होतं. हा धडा आपण विसरायचा नाही.

वीज तयार करायची असेल तर काम आणखी कठीण. बिहारमध्ये तमकुहा गावात २००७ साली हस्क पॉवर कंपनीने तुसाच्या गॅसवर वीज तयार करून घराघरांत दिली. पण इंजिनात हा गॅस घालायचा तर त्यातलं डांबर धुऊन काढावं लागतं. नाहीतर इंजिन चिकटतं. ते धुतलेलं पाणी घाण असतं, शेतात किंवा खाडीत सोडता येत नाही. त्याच कंपनीने पुढे सौरऊर्जेवर भर दिला. गटाने विजेच्या मागे लागू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

जिवाची काळजी

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. बंद खोलीत तो साठला तर आधी डोकं दुखतं, चक्कर येते, मळमळतं आणि माणूस झोपेतच जाऊ शकतो. म्हणून ही शेगडी पडवीत किंवा मोकळ्या ओट्यावरच वापरायची. पावसाळ्यात दारं-खिडक्या लावून घरात घ्यायची नाही. जळण संपत आलं की निखारे तसेच घरात ठेवायचे नाहीत. पाणी मारून विझवायचे.

राखेचा फायदा

शेगडीतून उरणारं काळं तूस टाकू नका. चारसूत्री भात लागवडीचं पहिलं सूत्र आठवा. डॉ. ना. के. सावंत यांनी रोपवाटिकेच्या गादीवाफ्यात दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो तुसाची काळी राख मिसळायला सांगितली आहे. त्यात सिलिका असते, तिने रोपं कणखर होतात. एका वर्षाच्या २०० किलो तुसातून पन्नासेक किलो तरी काळी राख मिळेल. रोपवाटिकेला ती उपयोगी पडेल.

ठरावाआधी विचारायचे प्रश्न

१. आपल्या गिरणीत तूस वेगळं निघतं की कोंड्यासकट? एक गोणी वजन करून बघा.
२. जून ते सप्टेंबर जळण कोरडं कुठे ठेवणार? ओलं तूस म्हणजे पुन्हा धूर.
३. पंख्याला वीज गेली तर काय? बॅटरी कोण बदलणार, कितीला?
४. दुरुस्तीचा माणूस पेण किंवा रोह्यात आहे का, की पुण्याहून बोलवायचा?
५. विक्रेत्याने *आपलं* तूस घालून, आपल्या ओट्यावर, पूर्ण स्वयंपाक करून दाखवला का? व्हिडिओ चालणार नाही.
६. कर्जाचा हप्ता महिन्याला किती, आणि वाचलेल्या सिलिंडरचे पैसे महिन्याला किती? दोन्ही आकडे शेजारी लिहा.

माझ्या मते घरोघर यंत्र घेण्यापेक्षा जिथे मोठं भांडं रोज चढतं तिथे याचा उपयोग जास्त आहे. पापडाची उकड, मसाल्याचं भाजणं, कार्यक्रमाचा स्वयंपाक, आंघोळीचं पाणी. आधी एकच शेगडी, तीही गटाच्या बचतीतून, एक महिना वापरून बघावी. रोज किती तूस लागलं, किती वेळ जाळ टिकला, हे वहीत लिहावं. ती वही बघून कर्जाचं ठरवावं.

त्या बैठकीत मी “तसंच” म्हटलं होतं, ते मागे घेते. ठराव मात्र तुमचा आहे. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपल्या घरचं तूस किती, ते कुठे जातं, एवढं लिहून आणा. हिशोब एकत्र करू.

तुमचीच,
क्षेत्र समन्वयक, गडब