स्पीड भरपूर, तरी बोलणे उशिरा का पोहोचते?

आमच्या थोरल्या बंधूंची मुलगी बी.कॉम. झाल्यापासून घरबसल्या नोकरी करते. विक्रोळीच्या कन्नमवार नगरात दोन खोल्यांचे घर आहे. आतल्या खोलीत शिवणयंत्राच्या टेबलावर लॅपटॉप मांडायचा, कानाला हेडफोन लावायचा आणि दुपारी दोनपासून रात्री अकरापर्यंत एका कंपनीच्या ग्राहकांशी बोलायचे, असे तिचे काम. घरातली पहिली पगारी मुलगी. धाकट्या भावाची फी तिच्याच पगारातून जाते, हे येथे सांगून ठेवलेले बरे.

एके दिवशी संध्याकाळी तिचे ग्राहक चिडू लागले. ही बोलायची, ते पलीकडे दीड-दोन सेकंदांनी पोहोचायचे. तोवर पलीकडचा माणूस 'हॅलो, हॅलो' करून थकायचा आणि दोघे एकाच वेळी बोलू लागायचे. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी सुपरवायझर बाईंनी स्पष्ट बजावले, "सोमवारपर्यंत लाइन नीट करून घे, नाही तर मला वर कळवावं लागेल."

आम्हाला फोन आला तेव्हा पोरगी रडकुंडीला आली होती. "काका, स्पीड तर पूर्ण दाखवतोय. मग बोलणं का अडकतंय?"

आम्ही या विषयातले पंडित नव्हे. एका कार्यालयात काही वर्षे संगणकांची देखभाल केली, तेवढीच आमची पुंजी. पण प्रश्न तिने अचूक विचारला होता. वाचकांपैकी ज्यांची मुले घरून नोकरी करतात, ऑनलाइन परीक्षा देतात किंवा मुलाखती देतात, त्यांच्यापुढे हा प्रश्न आज ना उद्या येईल, म्हणून ही हकीकत जरा विस्ताराने लिहीत आहोत.

आम्ही पोहोचण्यापूर्वी दादांनी तीन गोष्टी करून ठेवल्या होत्या. केबलवाल्याच्या पोराला जिन्यातच फैलावर घेतले होते. कंपनीच्या कार्यालयात त्याच्या नावाने तक्रार दिली होती. आणि १८०० रुपयांचा नवा राउटर आणला होता. राउटर बदलूनही संध्याकाळचा त्रास होता तसाच. दुकानदाराने आता मोठे पॅकेज घ्या असा सल्ला दिला होता. पैसे आपले असले की सल्ला देणाऱ्यांना तोटा नसतो.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. स्पीड वेगळा आणि विलंब वेगळा. एका सेकंदात किती माल येऊ शकतो तो स्पीड. आपण हाक मारल्यावर ओ यायला किती वेळ लागतो तो विलंब, ज्याला इंग्रजीत लेटन्सी म्हणतात. हा विलंब मिलीसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजतात. सिनेमा पाहणाऱ्याला विलंबाचे काही वाटत नाही, कारण पुढची काही सेकंदे आधीच उतरवून ठेवलेली असतात. बोलण्याचे तसे नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीप्रमाणे आवाज एका बाजूने दुसऱ्या बाजूला पोहोचण्यास १५० मिलीसेकंदांपर्यंत वेळ लागला तर बहुतेकांना संभाषणात अडचण जाणवत नाही. आमच्या पुतणीचा आवाज त्याच्या दहापट उशिरा जात होता.

आता हा विलंब कोठे होतो ते शोधायचे. त्यासाठी पिंग नावाची एक छोटी आज्ञा असते. माइक मूस नावाच्या अमेरिकन अभियंत्याने ती डिसेंबर १९८३ मध्ये लिहिली. पाणबुडी शोधण्यासाठी पाण्यात ध्वनी सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐकतात, त्यावरून हे नाव पडले. विंडोजच्या कोणत्याही संगणकात ती फुकट असते. काळी खिडकी उघडायची (शोधाच्या जागी सी, एम, डी ही तीन इंग्रजी अक्षरे लिहिली की ती सापडते), पी-आय-एन-जी लिहायचे, मोकळी जागा सोडून पत्ता लिहायचा आणि एंटर दाबायचे. चार हाका जातात आणि प्रत्येकीची ओ किती मिलीसेकंदांत आली ते दिसते. पत्त्यापुढे मोकळी जागा सोडून वजाचे चिन्ह आणि त्याला चिकटून टी हे अक्षर लिहिले तर थांबवेपर्यंत हाका चालू राहतात. आपल्याला तेच हवे.

हाका मारायच्या तीन ठिकाणी, जवळून दूर. पहिली आपल्याच घरातल्या राउटरला. त्याचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. राउटरच्या पाठीवर किंवा बुडाखाली तो छापलेला असतो. दुसरी हाक कंपनीच्या पहिल्या नाक्याला. त्याचा पत्ता मिळवण्यासाठी ट्रेसर्ट नावाची आज्ञा आहे. ती वाटेतले सगळे नाके ओळीने दाखवते. पहिली ओळ आपला राउटर, दुसरी बहुधा कंपनीचा नाका. तिसरी हाक बाहेरच्या जगाला. ८.८.८.८ हा गुगलचा पत्ता लक्षात ठेवायला सोपा आहे.

आम्ही सकाळी दहा वाजता मोजले. राउटर २, नाका ५, बाहेरचा पत्ता ९. सगळे उत्तम. दादा म्हणाले, "बघ, मी सांगत होतो ना, आता काही नाही. संध्याकाळी हे लोक मुद्दाम लाइन दाबतात." दादांनी स्पीड तपासला होता तोही रोज सकाळीच, चहा पिताना. दुखणे संध्याकाळचे आणि नाडी सकाळी पाहिलेली.

म्हणून आम्ही मुक्काम केला. सातपर्यंत आकडे तसेच राहिले. सात वाजून वीस मिनिटांनी आतून आवाज आला, "काका, सुरू झालं!" आम्ही तिन्ही ठिकाणी हाका सोडल्या. राउटर ३. नाका १३००. बाहेरचा पत्ता १३१०.

याचा अर्थ नीट लावला पाहिजे. राउटरचाच आकडा चढला असता किंवा सारखा खालीवर झाला असता तर दोष वाय-फायचा. आपल्या वस्त्यांमध्ये हे फार होते. भिंतीला भिंत लागून घरे, प्रत्येक घरात एक राउटर आणि बहुतेक सगळे २.४ गिगाहर्ट्झवर. त्या पट्ट्यात एकमेकांना न अडवणारे चॅनेल तीनच धरले जातात : १, ६ आणि ११. शिवाय मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात गडबड करतो. अशा वेळी ५ गिगाहर्ट्झवर जावे, राउटर लोखंडी कपाटामागून काढून उंचावर ठेवावा, किंवा सरळ लॅनची वायर लॅपटॉपला जोडावी. वायर जोडून आकडा सुधारला की वाय-फायवर शिक्का बसला. आमच्याकडे मात्र राउटर ठणठणीत होता. नव्या राउटरचे १८०० रुपये त्या क्षणी वाया गेल्याचे कळले. दादा काही बोलले नाहीत.

अडचण राउटर आणि नाका यांच्या मध्ये होती. येथेच माणसे फसतात, आम्हीही फसलो असतो. मधली वायर कंपनीची, म्हणजे दोष कंपनीचा, असे वाटते. पण आपल्या घरातून बाहेर पडणाऱ्या मालाची रांगही त्याच दारात लागते. त्या रांगेत आपलेच कोणी पन्नास पोती घेऊन उभे असेल तर? मग हातात एक पिशवी घेतलेल्या माणसाला रेशनच्या दुकानात जसे ताटकळावे लागते, तसे आवाजाच्या छोट्या पुडक्याला ताटकळावे लागते.

दादांचे पॅकेज डाउनलोडला ५० मेगाबिट आणि अपलोडला फक्त ५. जाहिरातीत ५० ठळक छापतात, ५ बारीक. राउटरमध्ये बाहेर जाणारा माल थोपवून ठेवण्याची जागा असते, तिला बफर म्हणतात. समजा, एक मेगाबाइट माल तेथे साठला. एक मेगाबाइट म्हणजे आठ मेगाबिट. सेकंदाला पाच या वेगाने तो बाहेर जायला दीड सेकंदाहून जास्त वेळ लागतो, आणि मागून आलेल्या प्रत्येक पुडक्याला तेवढे थांबावे लागते. आमचा १३०० चा आकडा याच्याशी जुळत होता. २०१० साली जिम गेटीज नावाच्या अमेरिकेतल्या नामांकित संगणकतज्ज्ञाला हाच अनुभव स्वतःच्या घरी आला. घरून मोठ्या फायली पाठवताना विलंब सेकंदावर जातो असे त्याला आढळले. फुगलेल्या बफरचा आजार म्हणून त्याने याला बफरब्लोट हे नाव दिले. तज्ज्ञाच्या घरी जे घडले ते आमच्या दादांच्या घरी घडले, यात कमीपणा नाही.

मग आम्ही घरातल्या उपकरणांचे वाय-फाय एकेक करून बंद करीत गेलो. लॅपटॉपवर हाका चालूच होत्या. टीव्ही बंद, आकडा तसाच. धाकट्याचा फोन बंद (तो गेम खेळतो म्हणून पहिला संशय त्याच्यावर होता, बिचारा), आकडा तसाच. दादांचा फोन, तसाच. शेवटी मांडणीवर चार्जिंगला लावलेला वहिनींचा फोन घेतला आणि त्याचे वाय-फाय बंद केले. १२८०, ९००, ३४०, मग ६. पुन्हा सुरू केले, मिनिटभरात पुन्हा हजारावर.

वहिनी एका इस्पितळात आया म्हणून काम करतात. सातला घरी येतात आणि आल्याबरोबर फोन चार्जिंगला लावतात. मागच्याच आठवड्यात त्यांच्या भाचीचे लग्न झाले होते. भाच्याने लग्नाचे सगळे व्हिडिओ त्यांच्या फोनमध्ये भरून दिले होते. फोन वाय-फायवर आणि चार्जिंगवर आला की फोटो-व्हिडिओची नक्कल आपोआप कंपनीच्या साठ्यात चढवायची, अशी सोय त्या फोनमध्ये चालू होती. पाचच्या अपलोडवर लग्नाची वरात निघाली होती! पुतणीला मग आठवले, रविवारी आई माहेरी गेली होती तेव्हा एकही कॉल अडकला नव्हता.

वहिनींचा चेहरा पडला. "भाऊजी, म्हणजे माझ्यामुळे पोरीची नोकरी जात होती का? मी तर हातसुद्धा लावला नाही फोनला." खरेच, त्यांनी काहीच केले नव्हते. ती सोय कोणी आणि केव्हा चालू केली हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते.

उपाय दोन केले, दोन्ही बिनखर्चाचे. वहिनींच्या फोनमधील ती नक्कल चढवण्याची सोय बंद ठेवली. ती रात्री अकरानंतर, पुतणीचे काम संपल्यावर चालू करायची. पण उद्या दुसऱ्या कोणाचा फोन हेच करील, म्हणून राउटरच्या सेटिंगमध्ये क्यूओएस नावाचे पान उघडून अपलोडला ५ ऐवजी ४.५ ची मर्यादा घातली आणि लॅपटॉपला पहिला मान दिला. दार भरून वाहण्याआधीच थोडे रोखले की रांग साठत नाही. काही राउटरमध्ये एसक्यूएम नावाची याहून चांगली सोय असते, ती रांगेतल्या सर्वांना आळीपाळीने पुढे सोडते. ती असेल तर तीच वापरावी. मोठे पॅकेज घेताना अपलोडचा आकडा विचारावा. तो वाढणार नसेल तर जादा पैसे या दुखण्यावर कामाचे नाहीत.

दोष दर वेळी घरातलाच निघेल असे मात्र नाही. घरातले सगळे बंद करूनही रोज रात्री नाक्याचा किंवा त्यापुढचा आकडा चढत असेल तर कंपनीकडे गर्दी आहे. अशा वेळी वहीत तारीख, वेळ आणि तिन्ही आकडे आठवडाभर लिहावेत आणि तक्रार देताना तेच द्यावेत. तक्रारीचा क्रमांक मागून घ्यावा, तो देणे कंपनीला बंधनकारक आहे. दाद लागली नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जाता येते. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार स्वतः सोडवत नाही. ट्रेसर्टमध्ये मधल्याच एखाद्या ओळीचा आकडा मोठा आणि पुढच्या ओळींचे लहान असतील तर घाबरू नये. तो नाका आपल्या हाकेला उत्तर द्यायला आळस करतो, माल मात्र वेळेवर पुढे सोडतो.

काही वेळा दोष समुद्रात असतो. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात जेद्दाजवळ समुद्रतळाच्या केबल तुटल्या, तेव्हा भारतासह अनेक देशांतील वाहतूक लांबच्या वाटेने वळवावी लागली आणि विलंब वाढला. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे वाट हजार किलोमीटरने लांबली की जाऊन येण्यात दहा मिलीसेकंद वाढतात. अशा वेळी मुंबईतले पत्ते लगेच ओ देतात आणि परदेशातलेच उशिरा. त्यावर राउटर बदलून उपयोग नाही.

दादांनी दुसऱ्या दिवशी कार्यालयात जाऊन तक्रार मागे घेतली. आम्ही सोबत होतो. केबलवाला पोरगा तेथेच खांद्यावर वायरीचे वेटोळे घेऊन उभा होता. त्या तक्रारीपायी महिन्याच्या पगारातून दंड कापणार होते, असे त्याने सांगितले. दादांनी त्याचा हात धरला आणि, "माझी चूक झाली रे," एवढेच म्हटले. पोराने विचारले, "काका, तो नवा राउटर विकणार का? माझ्या मावशीचा बिघडलाय." दादांनी तो त्याला १२०० ला दिला.

पुतणीची नोकरी टिकली. लग्नाचे व्हिडिओ पूर्ण चढायला आणखी चार रात्री लागल्या.