मनगटावरचा वरचा मजला

व्हॅल्जू ७७५० हे घड्याळाच्या आतलं स्विस मशीन १९७४ साली बाजारात आलं. त्याची जाडी ७.९ मिमी. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात फ्रेडरिक पिगे नावाच्या छोट्या कारखान्याने ११८५ हे मशीन काढलं, ते ५.५ मिमी जाड. दोन्ही ऑटोमॅटिक आणि दोन्ही क्रोनोग्राफ, म्हणजे वेळ दाखवता दाखवता स्टॉपवॉचचंही काम करणारी. आणि दोन्हींच्या आराखड्यामागे माणूस एकच, एडमंड कॅप्ट. साडेपाच मिलिमीटरमध्ये एवढा संसार मांडू शकणाऱ्या माणसाने आधी जवळजवळ आठ मिलिमीटर का खर्च केले?

यांत्रिक क्रोनोग्राफ जाडच असायचा, हे घड्याळांच्या शौकिनांनी कधीच मान्य करून टाकलं आहे. शर्टाची बाही अडते, दाराच्या चौकटीला केस घासते, तरी तक्रार नाही. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं: आत भाग जास्त असतात. हे खरं आहे, पण अर्धंच. भाग जास्त आहेत म्हणून ते एकमेकांच्या डोक्यावरच बसवले पाहिजेत असं कुठे आहे? ते तसे का बसले, हे समजून घ्यायचं तर दोनशे वर्षं मागे जावं लागतं.

१ सप्टेंबर १८२१ रोजी पॅरिसच्या शाँ द मार्सवर घोड्यांच्या शर्यती झाल्या, तेव्हा निकोला रिओसेक याने आपलं यंत्र वापरलं. ते फिरत्या तबकडीवर शाईचा ठिपका टाकून वेळ नोंदवायचं. ती होती एक पेटी, तिच्या जाडीची काळजी कोण करणार? पण एक अडचण होती. एकदा मोजून झालं की पुन्हा शून्यावर यायची सोय या यंत्रात नव्हती. ती अडचण अडॉल्फ निकोल याने सोडवली. त्याचं १८४४ चं पेटंट हृदयाच्या आकाराच्या एका चकतीचं आहे. काट्याच्या अक्षावर ही चकती बसवायची आणि तिच्यावर हातोडीसारखी तरफ आपटायची. काटा कुठेही थांबलेला असो, चकती घसरत घसरत एका ठरावीक जागी येते आणि काटा शून्यावर. आजही जवळजवळ प्रत्येक यांत्रिक क्रोनोग्राफमध्ये ही चकती आहे. मात्र ती चाकाच्या वर बसते आणि हातोडीला तिच्या पातळीवर जागा लागते. म्हणजे एकाच अक्षावर आधी चाक, त्यावर चकती, त्यावर अक्ष धरणारा पूल. उंचीची सुरुवात इथूनच झाली.

तो काळ खिशातल्या घड्याळांचा. कारागिरांकडे साधी मशीनं तयार असायची. क्रोनोग्राफ करायचा तर त्याच मशीनच्या पाठीवर तरफा, स्प्रिंगा आणि चाकं रचायची, जुन्या घरावर मजला चढवावा तशी. ही पद्धत शहाणपणाची होती. खालचं मशीन एक कारखाना बनवी, वरचं काम दुसरा कसबी करी. दुरुस्तीच्या वेळी वरचा भाग उतरवला की खालचं घड्याळ हात न लावता चालू राहायचं. शिवाय कोटाच्या खिशात दोन मिलिमीटर कमी-जास्त झाले तर कोणाला कळणार?

मनगटावर आल्यावर मात्र कळायला लागलं. लाँजिनने १९१३ साली मनगटी क्रोनोग्राफसाठी १३.३३झेड हे मशीन केलं. व्यास २९ मिमी, जाडी ६ मिमी. रचना तीच, खिशातल्या घड्याळाची, फक्त आकसलेली.

ही रचना चालते कशी? साध्या मशीनमध्ये एक चाक मिनिटाला एक फेरी मारतं. त्याचा अक्ष मागच्या बाजूने लांबवून त्यावर आणखी एक चाक चढवतात. हे चाक सतत फिरत राहतं. बटण दाबलं की तरफेवर बसलेलं एक छोटं क्लचचं चाक सरकून मधल्या क्रोनोग्राफच्या चाकात दाते घालतं आणि लांब काटा पळू लागतो. गंमत अशी की हे सगळं घडतं मशीनच्या पाठीवर आणि काटा असतो पुढे, डायलवर. त्यामुळे मधल्या चाकाचा बारीक लांब अक्ष अख्खं मशीन भेदून पुढे येतो. बटणांचे हुकूम वाटून देणारं कॉलम व्हीलही याच थरात उभ्या खांबांसकट बसतं. मिनिटांचा हिशेब ठेवणारं चाक, काटा थांबवणारा ब्रेक, हातोड्या, या सगळ्यांचा मुक्काम पाठीवरच.

पुढची बाजूही मोकळी राहिली नाही. व्हॅल्जू २३ या मशीनची जाडी ५.८५ मिमी होती. त्यालाच तासांची मोजणी जोडली आणि १९३८ साली व्हॅल्जू ७२ झालं. पुढे १९६३ मध्ये आलेल्या रोलेक्स डेटोनामध्ये बसलं ते हेच. तासांची यंत्रणा डायलखाली गेली आणि जाडी ६.९५ मिमी झाली. एका छोट्या काट्यासाठी १.१ मिमी! त्यावर छोट्या तबकड्यांचे काटे आले. तास काट्याने त्यांच्या डोक्यावरून जायला हवं, त्याच्यावरून मिनिट काट्याने आणि सगळ्यांच्या वरून लांब सेकंद काट्याने. डायल आणि काच यांच्यातलं अंतर वाढलं ते यामुळे. मशीनची जाडी सांगताना हे अंतर कोणी धरत नाही, मनगटाला मात्र ते जाणवतं.

यानंतरचा प्रश्न मला या सगळ्या इतिहासात सर्वांत मजेदार वाटतो. ऑटोमॅटिक मनगटी घड्याळं १९२० च्या दशकापासून होती. मग ऑटोमॅटिक क्रोनोग्राफ यायला १९६९ साल का उजाडावं? चाळीसेक वर्षं कोणाला सुचलंच नाही असं नव्हे. दोघांना एकच जागा हवी होती, मशीनची पाठ. तिथे क्रोनोग्राफ आधीच ठाण मांडून बसलेला, आणि रोटरला, म्हणजे मनगटाच्या हालचालीने फिरून चावी देणाऱ्या वजनाला, तर मोकळं फिरायला सगळ्यात वरचा थर हवा. म्हणजे मजल्यावर आणखी एक मजला.

१९६९ साली तीन उत्तरं एकदम आली. झेनिथने १० जानेवारीला एल प्रिमेरो जाहीर केलं. काम १९६२ पासून चालू होतं, १८६५ साली स्थापन झालेल्या कंपनीच्या शताब्दीला ते आणायचं होतं, तो मुहूर्त हुकला. त्यांनी क्रोनोग्राफ वरून चढवला नाही. मशीन पहिल्या रेषेपासून क्रोनोग्राफ म्हणूनच आखलं. रोटर, तारीख, तासाला ३६,००० ठोके, आणि एवढं सगळं ६.५ मिमीमध्ये. म्हणजे चावीच्या व्हॅल्जू ७२ पेक्षाही पातळ.

हॉयर, ब्राइटलिंग, हॅमिल्टन-ब्यूरेन आणि द्युबुआ देप्राझ यांची आघाडी ३ मार्चला आली. त्यांचा हिशेब कागदावर सुरेख होता. ब्यूरेनकडे मायक्रो-रोटर होता, म्हणजे मशीनच्या वर न फिरता मशीनच्या आतच एका कोपऱ्यात फिरणारा लहान रोटर. एवढ्या पातळ मशीनला द्युबुआ देप्राझचा स्वतंत्र क्रोनोग्राफ मॉड्यूल जोडायचा की काम झालं. प्रत्यक्षात त्यांच्या कॅलिबर ११ या मशीनची जाडी ७.७ मिमी भरली. पायाला घेतलेलं मशीन मुद्दाम पातळ निवडलेलं आणि जोडून झालेलं मशीन झेनिथपेक्षा सव्वा मिलिमीटर जाड! कारण उघड आहे. मॉड्यूलची पट्टी वेगळी, पूल वेगळे, स्क्रू वेगळे. दोन मशीनं एकमेकांना बांधली की बांधणीचीही जाडी मोजावी लागते. चावी डाव्या बाजूला गेली, तर त्याचीही जाहिरात झाली: चावी द्यावीच लागत नाही, मग ती हाताशी कशाला? अभिनेता स्टीव्ह मॅक्वीनच्या मनगटावरची हॉयरची चौकोनी मोनॅको ती हीच.

तिसरं उत्तर जपानचं. सेइकोचं ६१३९ त्याच वर्षी मे महिन्यात विक्रीला आलं. त्यात क्लचचं चाक आडवं सरकत नाही, दोन चकत्या एकाच अक्षावर वरखाली होऊन एकमेकींना धरतात. त्यामुळे सुरू होताना काटा दचकत नाही. अंतराळवीर विल्यम पोग हे घड्याळ घालून १९७३ मध्ये स्कायलॅबवर गेला. उभा क्लच म्हटल्यावर उंची वाढणार, असं वाटणं साहजिक. पण आडव्या क्लचला लागणारी तरफांची फौज त्याने कमी केली, आणि पुढे सगळ्यात पातळ ऑटोमॅटिक क्रोनोग्राफांपैकी एकात हाच उभा क्लच बसला.

मग बॅटरीवर चालणाऱ्या क्वार्ट्झ घड्याळांची लाट आली. झेनिथच्या मालकांनी १९७५ मध्ये यांत्रिक उत्पादन थांबवलं. शार्ल व्हेर्मो या कारागिराने एल प्रिमेरोचे साचे आणि हत्यारं माळ्यावर लपवून ठेवली, म्हणून ते मशीन पुढच्या दशकात पुन्हा उभं राहिलं. ७७५० चंही उत्पादन लवकरच थांबलं होतं.

७७५० जाड का, हे आता सांगता येईल. कॅप्ट आणि त्याच्या सहकाऱ्यांपुढचं काम पातळ मशीन करण्याचं नव्हतंच. हजारोंनी निघेल, साध्या कारखान्यात जुळवता येईल आणि कोणत्याही दुरुस्ती करणाऱ्याला उघडता येईल असा ऑटोमॅटिक क्रोनोग्राफ त्यांना हवा होता. महागड्या कॉलम व्हीलच्या जागी पत्र्यातून छापून काढलेला कॅम आला. क्लचसाठी एदुआर हॉयर याच्या १८८७ च्या पेटंटातली डुलणारी पिनियन, म्हणजे छोटं दातेरी चाक, घेतली. तरफा जाड ठेवल्या. जाड तरफ वाकत नाही, ती बसवताना कानशीने घासत बसावं लागत नाही, दोन-चार शतांश मिलिमीटरची चूक ती पोटात घालते. वर वार आणि तारीख दोन्ही. ७.९ मिमी ही स्वस्ताईची आणि टिकाऊपणाची किंमत होती, आणि ती जाणूनबुजून मोजली होती. मला तरी हा आराखडा ११८५ इतकाच हुशार वाटतो.

१९८० च्या दशकात यांत्रिक घड्याळं परतली ती बरीचशी याच मशीनच्या पाठीवर बसून. ब्राइटलिंगची क्रोनोमॅट १९८४ ची. १९८५ साली आयडब्ल्यूसीच्या कुर्ट क्लाउसने तर त्यावर शाश्वत दिनदर्शिकाही चढवली, ती दा विंची. पेटंटची मुदत संपल्यावर सेलिटा या दुसऱ्या कंपनीने एसडब्ल्यू ५०० काढलं, त्याचीही जाडी ७.९ मिमीच. दुसरी असणार तरी कशी? केस, डायल, काटे, बटणं बनवणारे सगळे कारखाने त्याच मापावर बसलेले. आठ मिलिमीटरचं मशीन, वर काट्यांची जागा, त्यावर सॅफायरची काच, मागे रोटरखालची मोकळीक आणि पाणी अडवणारं झाकण. घड्याळ चौदा-पंधरा मिलिमीटरवर जातं. क्रोनोग्राफ म्हणजे जाड, हा समज मोठ्या प्रमाणात या एका मशीनने रुजवला.

आणि ११८५? त्यात थर घालण्याऐवजी शेजारी शेजारी जागा शोधली, उभा क्लच घेतला, रोटर पातळ केला. त्याचं चावीचं भावंड ११८० अवघं ३.९५ मिमीचं. रोजच्या साध्या ऑटोमॅटिक घड्याळांतलं ईटीए २८२४ हे मशीन ४.६ मिमीचं असतं. म्हणजे स्टॉपवॉचसकटचं मशीन नुसत्या तीन काट्यांच्या मशीनपेक्षा पातळ! ब्लांपँ, ऑदेमार पिगे, व्हाशरों कॉन्स्तांतँ यांनी ते वापरलं. प्रश्न सुटला होता. पण सुटला तो महागड्या दुकानात.

१९९३ मध्ये ऑदेमार पिगेने रॉयल ओक ऑफशोर आणली. आत ऑटोमॅटिक मशीन, त्यावर द्युबुआ देप्राझचा मॉड्यूल, भोवती रबर आणि पोलाद. मॉड्यूलमुळे तारीख इतकी खोल गेली की ती वाचायला डायलमध्ये भिंग बसवावं लागलं. लोकांनी आधी नाकं मुरडली, मग रांगा लावल्या. इथून जाडी मिरवायची गोष्ट झाली. मॉड्यूलचं घड्याळ ओळखायची एक सोपी खूण आहे. बाजूने पाहा: बटणं आणि चावी एका रेषेत नसतील, बटणं डायलकडे सरकलेली असतील, तर आत दोन मजले आहेत. ईटीए २८९२ हे ३.६ मिमीचं मशीन अडीच मिलिमीटरचा मॉड्यूल घेऊन २८९४ होतं, ६.१ मिमीचं.

नव्या शतकात मोठ्या कंपन्यांनी स्वतःची मशीनं केली, तेव्हा पातळपणाची संधी होती. रोलेक्सचं ४१३० सन २००० मध्ये आलं, ६.५ मिमी. ब्राइटलिंगचं बी०१ सन २००९ मध्ये, ७.२ मिमी. वाचलेली जागा गेली कमानीच्या पोटात. शुक्रवारी काढून ठेवलेलं घड्याळ सोमवारी चालू हवं, म्हणून सत्तर तासांची ताकद साठवायची, आणि कमान म्हटली की तिला आकार लागतो. आपल्याकडे टायटनने २००२ साली साडेतीन मिलिमीटरची ‘एज’ केली, पण तिथे ऊर्जा बॅटरीत होती. पोलादी पट्टीच्या गुंडाळीला तेवढ्या जागेत तेवढं बळ साठवता येत नाही.

बुलगारीने २०१९ मध्ये ऑक्टो फिनिसिमो क्रोनोग्राफ दाखवला. रोटर वर नाही, मशीनच्या कडेने कड्यासारखा फिरणारा. मशीन ३.३ मिमी, अख्खं घड्याळ ६.९ मिमी. त्याच वर्षी ऑदेमार पिगेने ४४०१ हे नवं मशीन आणलं, त्या एकट्याची जाडी ६.८ मिमी. मोजणी चालू असतानाच काटा शून्यावर आणून पुन्हा पळवायची सोय त्यात आहे, आणि ताकद सत्तर तासांची. २०२२ मध्ये ४१ मिमीच्या रॉयल ओक क्रोनोग्राफमधून ११८५ च्या घराण्यातलं २३८५ काढून तिथे ४४०१ बसवलं. घड्याळाची जाडी ११ च्या आसपास होती, ती १२.४ मिमी झाली. ३८ मिमीच्या आवृत्तीत मात्र तेव्हा जुनं २३८५ कायम ठेवलं, कारण त्या केसमध्ये ३२ मिमी व्यासाचं नवं मशीन बसवायचं तर भोवती फारसं काही उरत नव्हतं.