माहिती चौकट : नुसता पंखा पुरत नाही

एप्रिल-मे महिन्यांत पुण्याजवळच्या हिंजवडीत पारा चाळिशीला भिडतो. माणसं कामावर जाताना फ्लॅटमधल्या कुत्र्यासाठी पंखा चालू ठेवतात, पण तेवढ्याने भागत नाही. पंख्याचा वारा माणसाचा घाम वाळवतो म्हणून आपल्याला गार वाटतं. कुत्र्याला घाम येतो तो मुख्यतः पंजांच्या तळव्यांना. अंगातली उष्णता तो प्रामुख्याने धापा टाकून बाहेर काढतो. म्हणून आधी पोट, जांघा आणि पंजे ओले करावेत, मग वारा द्यावा. इथल्या उन्हाळ्यात दुपारची हवा कोरडी असते, त्यामुळे वाळ्याचे पडदे आणि पाण्याचा कूलर चांगलं काम देतात; हवा दमट झाली की त्यांचा उपयोग घटतो.

टँकरवर चालणाऱ्या सोसायटीत एवढं पाणी कुठून आणायचं, हा प्रश्न रास्त आहे. पण अंग ओलं करायला तांब्या-दोन तांबे पुरतात, आरओचं वाया जाणारं पाणीही चालतं. गार पाण्याने कुत्र्याला झटका बसेल ही भीती मात्र सोडायला हवी; खरा धोका गार करायला उशीर होण्याचा आहे. ब्रिटनमधल्या दवाखान्यांच्या नोंदींवरचा २०२३ सालचा अभ्यास सांगतो, की उष्म्याचा त्रास झाल्यावर गार केलेल्या कुत्र्यांपैकी जेमतेम २२ टक्क्यांना दवाखान्यात नेण्याआधी गार केलं गेलं होतं. संशोधकांचा सल्ला आधी गार करा, मग न्या, असा आहे. धाप थांबेना, पाय लटपटू लागले, तर नळाचं पाणी अंगावर ओता, पंख्यासमोर ठेवा आणि मगच गाडी काढा.