माणसं बदलली, तरी ‘शक्ती’च?

काशीत पंचगंगा घाटावरून प्रवाहाबरोबर खाली चालत निघालं, की आधी दुर्गा घाट लागतो आणि त्याला लागूनच ब्रह्मा घाट. अठराव्या शतकात पेशव्यांचे गुरू नारायण दीक्षित पाटणकर यांनी हे घाट बांधवले. मागच्या गल्ल्यांत मराठी घरांनी जी वस्ती धरली, ती अजून पुरती उठलेली नाही. इथलं मराठी ऐकायला मजेशीर आहे. क्रियापद पुण्याचं आणि हेल बनारसी. पलीकडच्या बालाजी मंदिरात बिस्मिल्ला खाँसाहेब रियाझाला बसत, ही गोष्ट इथलं शेंबडं पोरही सांगतं. गणपतीत गाणंबजावणं, चैत्रात संकटमोचनच्या संगीत समारोहात रात्र रात्र जागरण, आणि मग आठवडाभर कुणी कुठली तिहाई चुकवली यावर खल. अशा गल्लीत ‘शक्ती’च्या ध्वनिमुद्रणावरून भांडण न होतं तरच नवल.

विषय होता ‘माइंड एक्स्प्लोजन’. ‘शक्ती’ या वाद्यवृंदाला पन्नास वर्षं होत आल्याच्या निमित्ताने २०२३ साली जो दौरा झाला, त्यातल्या मैफलींचं हे ध्वनिमुद्रण. ते बाहेर आलं २०२५ मध्ये, म्हणजे झाकीर हुसेन गेल्यानंतर. वाड्याच्या चौकात एक काका ठासून म्हणत होते, “एल. शंकर नाही, विक्कू नाही, श्रीनिवास तर बिचारा गेलाच. मग ह्याला शक्ती कशाला म्हणायचं? नवं नाव घ्या की!” त्यांच्या पुतण्याने मोबाइलवरून मान न उचलता उत्तर दिलं, “काका, कंठे महाराज गेले तेव्हा बनारसचा तबला बंद पडला का? किशन महाराज बसलेच ना गादीवर?” काका गप्प झाले नाहीत (बनारसचा माणूस गप्प होत नसतो), पण वाद तिथून खरा सुरू झाला.

ज्यांना ‘शक्ती’ ठाऊक नाही, त्यांच्यासाठी थोडं मागे जायला हवं. जॉन मॅकलॉफ्लिन हा इंग्रज गिटारवादक सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ‘महाविष्णू ऑर्केस्ट्रा’ घेऊन कानठळ्या बसवणारं रॉक-जॅझ वाजवत होता आणि त्याचे कार्यक्रम तुडुंब भरत होते. ते सगळं सोडून तो पाटावर मांडी घालून बसला. अमेरिकेतल्या वेस्लेयन विद्यापीठात डॉ. एस. रामनाथन यांच्याकडे त्याने वीणा शिकायला घेतली होती. माहीमचा झाकीर तेव्हा विशीत होता. व्हायोलिनला एल. शंकर, घटमला टी. एच. ‘विक्कू’ विनायकराम, मृदंगमला आर. राघवन. गिटारही खास करून घेतलेली होती. नेहमीच्या तारांखालून सतारीच्या तरफेसारख्या आडव्या तारा आणि पट्टीवर दोन पडद्यांमधलं लाकूड कोरून काढलेलं, म्हणजे तार दाबून मींड काढता यावी.

या मंडळींची पहिलीच तबकडी मैफलीची होती, आणि हा मुद्दा चाहत्यांच्या भांडणात कुणीच काढत नाही. ५ जुलै १९७५ रोजी लाँग आयलंडवरच्या साउथहॅम्प्टन कॉलेजात झालेला कार्यक्रम १९७६ साली तबकडी होऊन आला. बहुतेक वाद्यवृंद आधी स्टुडिओत गाणी घासूनपुसून घेतात, नाव झालं की मग मैफलीची तबकडी काढतात. इथे क्रम उलटा. त्यानंतरच्या दोन तबकड्या स्टुडिओतल्या, आणि १९७८च्या सुमारास सगळे आपापल्या वाटेला लागले. विजेवरच्या गिटारच्या गडगडाटासाठी आलेला श्रोता घटम ऐकून बावचळला होता आणि कंपनीलाही यात पैसा दिसत नव्हता.

वीस वर्षांनी, १९९७ साली, भारतीय स्वातंत्र्याच्या पन्नाशीनिमित्त इंग्लंडात दौरा ठरला आणि ‘रिमेंबर शक्ती’ जन्मली. एल. शंकर नव्हते. त्यांच्या जागी दुसरं व्हायोलिन न आणता हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणली. काकांचा आक्षेप खरं तर इथूनच सुरू व्हायला हवा होता. बासरी आल्यावर लयीचा सगळा बाज बदलला. व्हायोलिन आणि गिटार एकमेकांच्या अंगावर धावून जात, आता आलाप पसरू लागला. त्या दौऱ्याच्या जोड-तबकडीत ‘मुक्ती’ नावाची एकच चीज तासाहून जास्त वेळ चालते. पुनर्मीलनाच्या कार्यक्रमाला लोक जुनी गाणी ऐकायला येतात असा धंद्याचा ठोकताळा आहे. यांनी एक तासाची नवी चीज पुढ्यात ठेवली.

पुढे हरिजींच्या जागी यू. श्रीनिवास मँडोलिन घेऊन आले. घटम विक्कूंच्या मुलाकडे, व्ही. सेल्वगणेशकडे आला. मग डिसेंबर २००० मध्ये मुंबईची मैफल झाली, तिची तबकडी ‘सॅटर्डे नाइट इन बॉम्बे’. माझ्या मते या सगळ्या घराण्यातली ही सर्वांत श्रीमंत मैफल. शिवकुमार शर्मांचं संतूर, भवानीशंकरांचा पखवाज, देवाशीष भट्टाचार्यांची स्लाइड गिटार, शिवमणी, झाकीरचे भाऊ तौफिक आणि फझल, आणि गायला शंकर महादेवन. शंकर चेंबूरचा, संगीतकार श्रीनिवास खळ्यांकडे शिकलेला. खळ्यांच्या ‘राम श्याम गुणगान’मध्ये पोरवयातल्या शंकरने वीणा वाजवली होती. मराठी घरांत तो आपला वाटतो त्याचं कारण ‘कट्यार’ सिनेमाच्या कितीतरी आधीचं आहे.

आता पुतण्याच्या बाजूने एक साक्ष परदेशातून. ‘लेड झेपलिन’ हा इंग्रज रॉक वाद्यवृंद १९८० साली ड्रमवादक जॉन बॉनम गेल्यावर मोडला. १० डिसेंबर २००७ रोजी लंडनच्या ओ-टू सभागृहात उरलेले तिघे एका रात्रीपुरते एकत्र आले, तेव्हा ड्रमवर बॉनमचा मुलगा जेसन बसला होता. त्या रात्रीचं ध्वनिमुद्रण पाच वर्षांनी, २०१२ साली, ‘सेलिब्रेशन डे’ या नावाने निघालं. बापाच्या जागी मुलगा इथेही आहेच. पण जेसनकडून लोकांना बापाचेच ठोके हवे होते आणि त्याने ते इमानाने दिले. सेल्वगणेशकडून कुणी विक्कूंची नक्कल मागितली नाही. त्याने खंजिरा पुढे आणला, कोन्नक्कोल म्हणजे तोंडाने बोल म्हणण्याची कर्नाटकी कला मैफलीचा मोठा भाग करून टाकली. गुरूकडून घेतलेलं वाजवतानाच आपलं काहीतरी घालायचं, ही आपल्याकडची अट आहे. रॉकच्या चाहत्याने अशी अट कधी घातलेली नाही. त्यामुळे ‘मूळचे कितीजण उरले’ या एका प्रश्नाने दोन्ही पुनर्मीलनं मोजता येत नाहीत.

काकांचा दुसरा आक्षेप मात्र मला पटतो. मॅकलॉफ्लिनची ती तरफेची गिटार १९९७ नंतरच्या ध्वनिमुद्रणांत नाही. त्याच्या हातात विजेवरची गिटार आहे, पुढे पुढे तर सिंथेसायझरचे सूरही तिला जोडलेले. तबला, घटम, खंजिरा ही कातडी-मातीची वाद्यं आणि मध्येच हा गुळगुळीत सूर. काही ठिकाणी तो गाण्याला धरून राहतो, काही ठिकाणी तरंगतो. २०२३ साली मॅकलॉफ्लिन ८१ वर्षांचे होते, बोटं अजून चालतात हेच खूप, असं पुतण्या म्हणाला. हे उत्तर झालं नाही.

मैफलीचं ध्वनिमुद्रण म्हणजे त्या रात्री जे झालं ते जसंच्या तसं, असा पुष्कळांचा समज असतो. तसं नसतं. प्रत्येक वाद्याचा आवाज वेगळ्या पट्टीवर नोंदला जातो आणि नंतर ध्वनियंत्री त्यांचं मिश्रण करतो. घटमचंच घ्या. वादक मडक्याचं तोंड पोटाशी धरतो, ते कमी-जास्त उघडून खर्ज बदलतो. एकच माइक समोर ठेवला तर बोटांची टकटक येते, पोटातला घुमारा हरवतो. म्हणून तोंडाजवळ वेगळा माइक लागतो, आणि तो शेजारचा तबलाही थोडा पितो. तबल्याला दोन, एक दायाँला, एक डग्ग्याला. डग्ग्यावर मनगट घासून निघणारी घुमक मिश्रणात एक बोटभर खाली गेली, तर झाकीर झाकीर वाटत नाही. शिवाय दौऱ्याच्या तबकडीत वेगवेगळ्या गावांतल्या रात्रींमधून निवड करता येते. एखाद्या रात्री चीज रंगली नाही, तर दुसऱ्या गावची घ्यायची. ‘माइंड एक्स्प्लोजन’ ऐकताना आपण एका मैफलीला बसलेलो नसतो, हे डोक्यात ठेवलेलं बरं.

आणि दाद? जॅझ ऐकणारा एकाचं वाजवणं संपेपर्यंत थांबतो आणि मग टाळ्या देतो. आपला श्रोता समेवर, कधी समेच्या आधीच, “क्या बात है” म्हणून मोकळा होतो. वादकाची पुढची जागा त्या दादेवर ठरते. मिश्रण करणाऱ्याने श्रोत्यांचे माइक फार खाली ओढले, तर वादक अचानक का हसला, त्याने तोच तुकडा पुन्हा का घेतला, हे घरी बसून कळत नाही. मुंबईच्या ध्वनिमुद्रणात सभागृह वादकांबरोबर श्वास घेतंय हे कळतं. चाहत्यांनी भांडायचंच तर मूळचे कोण आणि नंतरचे कोण यापेक्षा यावर भांडावं.

२०२३च्या जूनमध्ये याच मंडळींची ‘धिस मोमेंट’ ही स्टुडिओतली तबकडी आली. व्हायोलिनला आता गणेश राजगोपालन. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिला ग्रॅमी मिळालं. त्याच रात्री झाकीरला एकूण तीन ग्रॅमी मिळाली. पण ती तबकडी महासाथीच्या काळात, आपापल्या गावी बसून, एकमेकांना ध्वनिफिती धाडत जुळवलेली. पाचजण एका पाटावर बसले नव्हते. बक्षीस त्या तबकडीला मिळालं. तीच माणसं समोरासमोर बसून वाजवतात ते ‘माइंड एक्स्प्लोजन’मध्ये. तिलाही ग्रॅमीचं नामांकन मिळालं, आणि तिच्यातल्या ‘श्रीनीज ड्रीम’ या चिजेला वेगळं. ही चीज यू. श्रीनिवास यांच्या आठवणीतली. ते १९ सप्टेंबर २०१४ रोजी गेले, अवघे पंचेचाळीस वर्षांचे होते. मँडोलिनची जागा रिकामी ठेवून त्यांच्यासाठी चीज बांधणं, हा मला त्यांच्या जागी दुसरा मँडोलिनवाला आणण्यापेक्षा जास्त शहाणा मार्ग वाटतो.

झाकीर हुसेन १५ डिसेंबर २०२४ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत गेले. ‘शक्ती’ मोडली आणि जुळली त्या प्रत्येक वेळी मॅकलॉफ्लिन आणि झाकीर हे दोघे कायम होते, बाकी सगळे बदलले. पुतण्याचा घराण्याचा दाखला इथवर चालला, यापुढे चालेल असं मला वाटत नाही. तबल्याच्या जागी कुणी बसवून पुन्हा हेच नाव लावलं, तर मी काकांच्या बाजूचा.

नव्या श्रोत्याला माझी शिफारस वेगळ्या क्रमाची आहे. आधी २००० सालच्या मुंबईच्या मैफलीतलं ‘शृंगार’, संतूर आणि गिटार कसे शेजारी नांदतात ते ऐकायला. मग १९७५ची पहिली मैफल, मग ‘माइंड एक्स्प्लोजन’. आणि मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका, त्यातून डग्गा येतच नाही.