व्हॉल्व्हचा गोडवा आणि लाकडाची पेटी

अराकावा नदी तोक्यो उपसागराला मिळते त्या मुखाजवळ, तिच्या पूर्वतीरावर, एदोगावा विभागातील निशी-कासाई ही वस्ती आहे. संगणक-व्यवसायाच्या निमित्ताने १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून येथे स्थिरावलेल्या भारतीय कुटुंबांत मराठी घरेही आहेत. या घरांतील संगीतप्रेमी मंडळींना एक दुर्मिळ सोय अनायासे लाभली आहे: तोझाई मार्गाने कायाबाचोपर्यंत जाऊन तेथे हिबिया मार्गाची गाडी धरली की अकिहाबारा गाठता येते, आणि तेथील रेडिओ सेंटर व रेडिओ डिपार्ट या इमारतींच्या चिंचोळ्या गाळ्यांतून व्हॉल्व्ह, सॉकेट, ट्रान्सफॉर्मर, कपॅसिटर असा सगळा सरंजाम आजही सुटा मिळतो. 'मुसेन तो जिक्केन' हे १९२४ साली निघालेले नियतकालिक व्हॉल्व्हवर, म्हणजे निर्वात नलिकांवर, चालणाऱ्या ध्वनिवर्धकांच्या आकृत्या पिढ्यान् पिढ्या छापत आले आहे. तेव्हा निर्वात नलिकांचा ध्वनिवर्धक स्वहस्ते बांधण्याच्या छंदाला या मुलखात चांगली दीर्घ परंपरा आहे, आणि आपल्यापैकी काहींना त्याची गोडी लागावी याचा मला मनापासून आनंद वाटतो.

मात्र या छंदाबरोबर एक विधान इतक्या वेळा, इतक्या निःशंकपणे कानी पडते की त्याची एकदा रीतसर शहानिशा करणे भाग आहे. ते विधान असे, की ध्वनिवर्धकाची पेटी लाकडाची असली म्हणजे आवाजात गोडवा उतरतो. धातूची पेटी आवाज 'पत्र्यासारखा' करते. सागवानाने एक रंग येतो, चेरीच्या लाकडाने दुसरा. पुष्टीसाठी तंबोऱ्याचा दाखला हटकून दिला जातो.

दाखला भारदस्त आहे, पण या प्रकरणाला तो लागू नाही. ज्या मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेथील कारागीर भोपळा पारखून घेतो आणि तबलीची जाडी हाताने जोखतो, त्याला सबळ कारण आहे: तार छेडली की तिचे कंपन घोडीवाटे तबलीत उतरते, तबली आणि भोपळा मिळून हवेला हलवतात, आणि आपल्या कानी येते ते त्या लाकडाचेच कंपन असते. ध्वनिवर्धकात यांपैकी काहीच घडत नाही. तेथे आवाज नसतोच. असतो तो विद्युत्प्रवाह, जो ग्रिडवरच्या अत्यल्प दाबाच्या हुकमाने व्हॉल्व्हमधील इलेक्ट्रॉनांचा ओघ कमीजास्त होत वाढतो, ट्रान्सफॉर्मरमधून उतरतो आणि तारेने ध्वनिक्षेपकाकडे जातो. वाटेत त्याची लाकडाशी गाठ पडत नाही. ध्वनिक्षेपकाच्या पेटीचे लाकूड, त्याची जाडी, आतील आधार यांनी आवाज बदलतो हे निर्विवाद आहे. परंतु ती पेटी वेगळी आणि ही वेगळी.

या गैरसमजाचे मूळ, मला वाटते, आपल्या दिवाणखान्यातील जुन्या रेडिओत आहे. मर्फी, फिलिप्स यांचे व्हॉल्व्हचे संच चकचकीत लाकडी पेटीत येत, त्यांचा आवाज भरदार वाटे, आणि लाकूड व भरदारपणा यांची सांगड मनात कायमची बसे. पण त्या पेटीत ध्वनिक्षेपकही बसवलेला असे, म्हणून लाकडाचा आवाजाशी संबंध येई. मागचा पुठ्ठा काढून पाहिले असते तर व्हॉल्व्ह ज्यावर उभे असत ती चासी पोलादी पत्र्याचीच दिसली असती.

ज्यांना एवढ्याने समाधान वाटत नाही त्यांच्यासाठी पुरावा देतो. १९७८ साली 'वायरलेस वर्ल्ड' या इंग्लिश मासिकात जेम्स मॉयर यांनी एका श्रवणचाचणीचा वृत्तान्त प्रसिद्ध केला: क्वाड कंपनीचा एक व्हॉल्व्हचा व दोन ट्रान्झिस्टरचे असे तीन ध्वनिवर्धक, आवाजाची पातळी समान ठेवून आणि कोणता चालू आहे हे न सांगता, ऐकवण्यात आले, आणि जाणकार श्रोत्यांना ते खात्रीने ओळखता आले नाहीत. चांगल्या रीतीने बांधलेला व्हॉल्व्ह आणि चांगल्या रीतीने बांधलेला ट्रान्झिस्टर यांतला भेदच जेथे कानाला निसटतो, तेथे पेटीचा सागवान की चेरी हे कान सांगतो असा दावा करणाऱ्याने आधी डोळ्यांवर पट्टी बांधून तो सिद्ध करावा, एवढी मागणी अवाजवी नाही.

मग घरी बांधलेल्या साध्या ध्वनिवर्धकात जो गोडवा खरोखर जाणवतो तो कोठून येतो? एकाच ३००बी व्हॉल्व्हवर उभारलेल्या, ऋण-प्रतिपुष्टी नसलेल्या रचनेत मूळ स्वराबरोबर दुसरा संवादी अंश थोडा अधिक मिसळतो. षड्जाचा दुसरा अंश म्हणजे तार षड्ज, आणि तिसरा म्हणजे त्यावरचा पंचम; तंबोऱ्याने घडलेल्या कानाला ही भर परकी वाटत नाही. रसेल हॅम यांनी १९७३ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात व्हॉल्व्ह आणि ट्रान्झिस्टर यांची जी तुलना मांडली तीही याच अंशांच्या हिशेबावर उभी होती, पण ती सूक्ष्मध्वनिग्राहकाचे पूर्ववर्धक क्षमतेपलीकडे लोटल्यावर काय होते याविषयी होती, हे उद्धृत करणारे विसरतात. दुसरे कारण असे, की अशा रचनेचा बहिर्गामी अवरोध मोठा असतो, त्यामुळे ध्वनिक्षेपकाचा स्वतःचा चढउतार आवाजात उमटतो. दोन्ही कारणे मंडलातली आहेत आणि दोन्ही मोजता येतात.

एक गोष्ट न्यायाने कबूल केली पाहिजे. व्हॉल्व्हच्या आतील ग्रिडची बारीक तार धक्क्याने हलते आणि तो धक्का आवाजात उतरतो. म्हणून व्हॉल्व्ह ज्या पृष्ठावर उभे असतात ते किती थरथरते याला थोडे महत्त्व आहे. पण यावरचा उपाय म्हणजे भरभक्कम तळ आणि रबराचे पाय. लाकडाची जात पाहण्याची गरज नाही.

हा गैरसमज निरुपद्रवी असता तर मी इतका वेळ घेतला नसता. 'धातू आवाज बिघडवतो' असे मनात घेऊन लोक वरचा धातूचा पत्राच काढून टाकतात आणि संपूर्ण पेटी लाकडाची करतात, आणि येथून खरे अनर्थ सुरू होतात. लाकूड विद्युत्क्षेत्र अडवत नाही, तेव्हा आजूबाजूच्या तारांतली घरघर सरळ आत शिरते. ॲल्युमिनियम ती अडवते. ट्रान्सफॉर्मरभोवतीचे पन्नास आवर्तनांचे चुंबकीय क्षेत्र मात्र ॲल्युमिनियमही अडवत नाही, त्यासाठी पोलाद, अंतर, आणि दोन ट्रान्सफॉर्मरांचे गाभे एकमेकांशी काटकोनात ठेवण्याची तजवीज लागते. त्याहून गंभीर बाब म्हणजे सुरक्षितता. 'लाकडाला शॉक बसत नाही' हे वाक्य मी ऐकतो तेव्हा अंगावर काटा येतो, कारण आत तीनशे-चारशे व्होल्टांचा दाब असतो, आणि बाहेर डोकावणारे स्क्रू, ट्रान्सफॉर्मरचे कवच, आवाज कमीजास्त करण्याच्या बटणाचा दांडा हे सर्व धातूचेच असतात. ते सगळे एका पत्र्याला जोडून तो पत्रा भूमीशी जोडणे हाच रिवाज आहे, आणि लाकडी पेटीत तो पत्रा नसतो. तोक्योच्या घरांतील नेहमीचे प्लग-बिंदू बहुधा दोनच खाचांचे असून भूमीची जोडणी धुलाईयंत्रापाशी किंवा स्वयंपाकघरात असते, त्यामुळे येथे राहणाऱ्याने याची अधिकच काळजी घ्यावी.

उष्णतेचा हिशेबही करावा. एका ३००बीचा तंतूच पाच व्होल्टांवर सव्वा अँपिअरच्या आसपास प्रवाह घेतो, म्हणजे सहा वॅट. प्लेटवर वीसेक वॅट आणखी. आणि हाती येतो आवाज साधारण आठ वॅटांचा. बाकी सर्व उष्णता. काचेलगतचे लाकूड वर्षानुवर्षे भाजत राहिले तर कोळपते.

तेव्हा लाकूड वापरूच नये काय? अवश्य वापरावे, आणि त्याच्या योग्य जागी वापरावे: वर धातूचा पत्रा, खाली चहूबाजूंनी लाकडाची चौकट, हवेला वाट. खिळ्यावाचून खोबण्यांत सांधे बसवण्याची एदो साशिमोनो ही तोक्योची जुनी कला. १९९७ साली तिला राष्ट्रीय पारंपरिक हस्तकलेचा दर्जा मिळाला. त्या पद्धतीचा सांधा एकदा हाताने बसवून पाहिलेल्या माणसाला लाकडाबद्दल खोटे काही सांगण्याची गरज वाटत नाही. जून-जुलैच्या दमट पावसात लाकूड आडव्या अंगाने फुगते आणि कोरड्या हिवाळ्यात आटते. म्हणून पत्रा लाकडाला आवळून न बसवता त्याच्या स्क्रूची भोके किंचित लांबट ठेवावी, नाहीतर चौकट चिरते.

उरलेले समज थोडक्यात. व्हॉल्व्ह आता बनत नाहीत, हे असत्य आहे. स्लोव्हाकिया, रशिया, चीन येथे ते बनतात आणि जपानात ताकात्सुकी कंपनी ३००बी बनवते. व्हॉल्व्हचा वॅट मोठा, हेही असत्य. वॅट सगळीकडे सारखाच, फक्त क्षमता ओलांडताना व्हॉल्व्हचा आवाज हळूहळू बिघडतो. काचेच्या आतल्या अंगावरची निळी झळाळी दोषाची खूण नव्हे. दोष दाखवतो तो प्लेटांच्या मधला गुलाबी-जांभळा उजेड किंवा काचेवरचा रुपेरी डाग पांढरा पडणे. येथे बांधलेला संच पुण्यात तसाच चालेल, या समजाने तर ट्रान्सफॉर्मर जळतात: तोक्योत शंभर व्होल्ट आहेत, पुण्यात दोनशेतीस. ओसाका आणि पश्चिम जपानात आवर्तने साठ असल्याने, केवळ तेथल्यासाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर तोक्योच्या पन्नास आवर्तनांवरही तापतो.

शेवटी एक विनंती, आणि ती नवख्यांना आहे. संच बंद केला, प्लग काढला, म्हणजे तो निर्जीव झाला असे मानू नका. विद्युत्संचय करणारे कपॅसिटर त्यानंतरही बराच काळ भरलेले राहतात. त्यांच्यावर निचऱ्याचा रोधक कायमचा जोडून ठेवा, आणि हात घालण्यापूर्वी दाब मीटरने मोजून शून्यापाशी आल्याची खात्री प्रत्येक वेळी करा.