कपाच्या बुडाशी काय लिहिलंय? जुन्या क्रीडावस्तूंचा हर्रास : गैरसमज आणि वस्तुस्थिती

हर्रास, म्हणजे लिलाव, हा शब्द वऱ्हाडातल्या हिवरखेडच्या माणसाला शिकवावा लागत नाही. तूर, हरभरा, सोयाबीन यांचे ढीग आणि त्यांच्याभोवती बोली बोलणारे व्यापारी पाहतच इथली पोरं मोठी होतात. कधीकधी मात्र वेगळ्याच मालाची बोली लागते. एखादा वाडा मोडतो, बंद पडलेल्या आखाड्याचं किंवा क्लबचं सामान निघतं, कबाड्याच्या दुकानात एखादं पोतं उपडं होतं. मग त्यातून कप, ढाली, पदकं, चामडी चेंडू आणि संघांचे फोटो बाहेर पडतात.

असाच एक कप माझ्या घरी आहे. मोडायला काढलेल्या एका वाड्याच्या सामानाची बोली चालली होती. कप वीतभर उंचीचा, एक कान तुटलेला, पोटाला पोचा पडलेला. विकणारा म्हणाला, “चांदीचा होय भाऊ, पाह्यून घ्या.” मी तो उलटा केला. बुडाशी चार बारीक इंग्रजी अक्षरं होती. दर्शनी बाजूला काळवंडलेली ओळ होती : हुतुतू, अजिंक्य संघ, १९४६. त्याखाली ‘सी. पी. अँड बेरार’. साडेसहाशे रुपयांना कप घरी आला. पाहायला येणाऱ्यांचे प्रश्न ऐकून लक्षात आलं की या वस्तूंबद्दल आपल्याकडे गैरसमज फार आहेत. त्यांच्यापायी घेणाऱ्याचे पैसे जातात, आणि त्याहून वाईट म्हणजे आपल्या भागाच्या खेळाचा पुरावा भट्टीत जातो.

गैरसमज १ : कप चांदीचा, पदक सोन्याचं, किंमत वजनावर ठरते.

वस्तुस्थिती : माझ्या कपाच्या बुडाची चार अक्षरं होती ‘ई. पी. एन. एस.’ म्हणजे निकेल सिल्व्हरवर विजेने चढवलेला चांदीचा मुलामा. निकेल सिल्व्हर म्हणजेच आपण ज्याला जर्मन सिल्व्हर म्हणतो ते. त्यात तांबं, निकेल आणि जस्त असतं, चांदी अजिबात नसते. जुन्या कपांपैकी कितीतरी याच जातीचे असतात. इंग्लंडमध्ये घडवलेल्या अस्सल चांदीच्या कपावर चालत्या सिंहाचा छोटा ठसा असतो, शेजारी शहराची खूण असते. जहाजाचा नांगर दिसला तर तो बर्मिंगहॅमचा. कुस्तीतली मानाची चांदीची गदासुद्धा भरीव चांदीची नसते. लाकडी गाभ्यावर चांदीचा पत्रा मढवलेला असतो. ऑलिम्पिकमध्ये भरीव सोन्याची पदकं शेवटची दिली गेली १९१२ साली. आजचं सुवर्णपदक म्हणजे सोन्याचा मुलामा दिलेली चांदी.

मग मोल कशाचं? खाशाबा जाधवांचं पदक डोळ्यांसमोर आणा. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९५२ साली हेलसिंकीला गेला आणि कांस्यपदक घेऊन आला. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्या प्रवासासाठी लोकांनी वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर सात हजार रुपयांना गहाण टाकलं. खाशाबांच्या नावाने जाहीर झालेली कुस्ती अकादमी गावात उभी राहिली नाही, म्हणून २०१७ मध्ये कुटुंबीयांनी ते पदकच लिलावात काढून पैसा उभा करण्याचा इरादा जाहीर केला. कांस्य म्हणून काट्यावर टाकलं तर त्या पदकाचे हातात काहीच येणार नाही. पण त्याच्यामागे एका मास्तराचं गहाण पडलेलं घर आहे. भंगारवाल्याच्या काट्यावर ते घर चढत नाही.

गैरसमज २ : काळवंडलेली, पोचे पडलेली वस्तू जुनीच असणार.

वस्तुस्थिती : पोचा हातोडीने पाडता येतो, काळेपणा रसायनाने आणता येतो. वय ओळखायचं ते अक्षरांवरून, आणि आपल्या वऱ्हाडात ते फार सोपं आहे, कारण या मुलखाचा पत्ताच वारंवार बदलला. स्वातंत्र्याच्या काळात अकोला-अमरावती मध्यप्रांत व वऱ्हाडात, म्हणजे ‘सी. पी. अँड बेरार’मध्ये होते. १९५० मध्ये त्याचं मध्य प्रदेश झालं. १९५६ मध्ये विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. म्हणून १९४६ च्या कपावर ‘सी. पी. अँड बेरार’ शोभतं. कुणी १९३८ ची ढाल दाखवली आणि तिच्यावर ‘महाराष्ट्र राज्य’ कोरलेलं असलं, तर ढाल खाली ठेवा आणि निघा.

अशा आणखी काही खुणा ध्यानात ठेवाव्यात. प्रवेशशुल्क ‘नव्या पैशां’त छापलं असेल तर तो कागद १ एप्रिल १९५७ च्या आधीचा असू शकत नाही. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर तो १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. जुन्या इंग्रजी मजकुरात अमरावतीचं स्पेलिंगही आजच्यापेक्षा वेगळं, ‘Amravati’ऐवजी ‘Amraoti’ असं ‘ओ’ घातलेलं दिसतं. प्रमाणपत्र किंवा पोस्टर असेल तर नोटा तपासायचा जांभळा दिवा त्यावर धरा. कागद लख्ख निळा चमकला तर त्यात चकाकी आणणारी रसायनं आहेत, आणि अशा कागदाचा वापर साधारण १९५० नंतरचा. त्यावर १९३० ची तारीख असेल तर छपाई नक्कीच नंतरची.

गैरसमज ३ : बॅटवर सही आहे, म्हणजे ती खेळाडूनेच केलेली.

वस्तुस्थिती : बॅट बनवणारे कारखाने खेळाडूच्या सहीचा ठसा फळीवरच उमटवतात. अशा हजारो बॅटी दुकानातून विकल्या जातात. ठशाच्या रेषा सगळीकडे सारख्या जाडीच्या असतात. हाताच्या सहीत पेन टेकतं, दाबलं जातं, सुटतं, आणि ते भिंगातून दिसतं.

शाईही बोलते. नागपूरचे सी. के. नायडू १९३२ साली लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्या कसोटीचे कर्णधार होते. ‘त्या दौऱ्यात केलेली सही’ म्हणून कुणी बॉलपेनची किंवा मार्करची सही दाखवली, तर ते शक्य नाही. बॉलपेन बाजारात आलं १९४५ च्या सुमारास, जाड मार्कर त्याच्याही नंतर. नायडू १९६७ पर्यंत हयात होते, तेव्हा सही त्यांची असूही शकते. पण मग ती त्या दौऱ्यातली नव्हे, आणि किंमतही त्या दौऱ्याची लावता येणार नाही.

गैरसमज ४ : ‘बर्लिन १९३६’ असं लिहिलंय, म्हणजे ऑलिम्पिक पदक.

वस्तुस्थिती : हा प्रश्न आपल्या भागाला फार जवळचा आहे. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये सुरू केलं. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाच्या चमूने तिथे कबड्डीसह देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली. वऱ्हाडासाठी ही केवढी मोठी गोष्ट! पण प्रात्यक्षिक म्हणजे स्पर्धा नव्हे. ऑलिम्पिकमध्ये विजेत्याचं पदक वेगळं आणि भाग घेणाऱ्यांना मिळणारं स्मरणपदक वेगळं. त्याशिवाय बिल्ले, तिकिटं आणि पर्यटकांसाठी विकलेल्या वस्तू असतात. या सगळ्यांवर तेच शहर आणि तेच साल असतं. लिलावात नुसतं ‘बर्लिनचं पदक’ ऐकू आलं की पहिला प्रश्न विचारायचा : कुणाला, कशासाठी मिळालेलं?

गैरसमज ५ : पेपरात लाखाचा आकडा आला, म्हणजे आपल्या माळ्यावरचाही माल लाखाचा.

वस्तुस्थिती : ऑस्ट्रेलियन क्रिकेटपटू शेन वॉर्नची हिरवी टोपी जानेवारी २०२० मध्ये दहा लाख साडेसात हजार ऑस्ट्रेलियन डॉलरला गेली. पण तो लिलाव ऑस्ट्रेलियातल्या वणव्यांच्या आपद्ग्रस्तांसाठी होता. अशी किंमत बाजारभाव ठरत नाही.

डॉन ब्रॅडमनची १९४७-४८ च्या भारताविरुद्धच्या मालिकेतली टोपी डिसेंबर २०२४ मध्ये सिडनीत विकली गेली. हातोडा पडला ३,९०,००० डॉलरवर, घेणाऱ्याला मोजावे लागले ४,७९,७००. वरचा पैसा लिलावगृहाच्या शुल्काचा. ठिकाण लहान असो की मोठं, बोलीआधी विचारून घ्यावं : वर किती टक्के? कर किती? वाहतूक कुणाची?

त्याच मालिकेतली आणखी एक टोपी ब्रॅडमननी महाराष्ट्राचे अष्टपैलू खेळाडू रंगा सोहोनी यांना भेट दिली होती. घरच्यांनी ती पाऊणशे वर्षं जपली. टोपीच्या आत दोघांचीही नावं आहेत. अलीकडे ती ऑस्ट्रेलियात लिलावाला आली, तेव्हा तिचं वजन याच गोष्टीत होतं : कुणाची, कुणाला दिली, मधली वर्षं कुठे होती, या साखळीतली एकही कडी तुटलेली नाही. आपल्या माळ्यावरच्या वस्तूची साखळी दाखवता येत असेल, तर आकडा लहान असला तरी भाव येतो.

गैरसमज ६ : चांगल्या लिलावाला मुंबई-दिल्लीच गाठावी लागते.

वस्तुस्थिती : आता नाही. पंतप्रधानांना मिळालेल्या भेटवस्तूंचा लिलाव ऑनलाइन होतो आणि त्यात गावातूनही बोली लावता येते. २०२१ च्या लिलावात टोकियोच्या सुवर्णपदक विजेत्या नीरज चोप्राचा भाला होता. तो क्रिकेट नियामक मंडळाने दीड कोटीला घेतला. पुण्याच्या ‘ब्लेड्स ऑफ ग्लोरी’ या क्रिकेट संग्रहालयाने २०२० मध्ये पाकिस्तानच्या अझर अलीची त्रिशतकाची बॅट ऑनलाइन लिलावातच मिळवली. तोटा एकच : वस्तू हातात घेऊन उलटी करता येत नाही. म्हणून बुडाचा, कोरीव मजकुराचा आणि मागच्या बाजूचा फोटो मागितल्याशिवाय बोली लावू नये.

गैरसमज ७ : तोंडातून बोली गेली की अडकलो, आणि पैसे दिले की माल आपला.

वस्तुस्थिती : दोन्ही अर्धवट खरं. १९३० च्या मालविक्री कायद्याचं कलम ६४ लिलावाबद्दल आहे. हातोडा पडेपर्यंत किंवा ‘तीन वार’ होईपर्यंत बोली मागे घेता येते. तो क्षण झाला की विक्री पक्की. अनामत रकमेच्या अटी वेगळ्या असू शकतात, त्या आधी वाचाव्यात. विकणाऱ्याने आपलाच माणूस गर्दीत उभा करून भाव चढवला, आणि तसा हक्क आधी जाहीर केलेला नसेल, तर घेणाऱ्याला तो सौदा रद्द करता येतो.

दुसरी गोष्ट मालकीची. चोरीचा माल विकून कुणी घेणाऱ्याला मालक बनवू शकत नाही. शाळेच्या किंवा मंडळाच्या कपाटातली फिरती ढाल कुणी परस्पर विकायला काढली असेल, तर पैसे मोजूनही ती तुमची होत नाही. कपावर संस्थेचं नाव दिसलं की आधी त्या संस्थेला विचारावं. मी घेतलेल्या पावतीवर विकणाऱ्याचं नाव, तारीख आणि कपाचं वर्णन तीन ओळींत आहे. कच्च्या चिठ्ठीपेक्षा तेवढंच पुष्कळ.

गैरसमज ८ : शिकारीची ट्रॉफी हीसुद्धा जुनी खेळवस्तूच, घरातली आहे, विकली तर काय झालं?

वस्तुस्थिती : सातपुड्याच्या पायथ्याला, मेळघाटाच्या उंबरठ्यावर राहणाऱ्यांनी हे स्पष्ट समजून घ्यावं. वाघाचं कातडं, बिबट्याचं मुंडकं, सांबराची शिंगं यांची खरेदी-विक्री १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. आजोबांच्या काळातली वस्तू आणि वनखात्याचं मालकी प्रमाणपत्र असलं तरी विकता येत नाही. अशी वस्तू बोलीवर दिसली तर हात लावू नये.

शंभर वर्षं ओलांडलेल्या कलाकुसरीच्या वस्तूंना त्याच वर्षीचा पुरावशेष कायदा लागू होतो. त्यांचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खासगी माणसाला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. परदेशातल्या नातेवाइकाला आजोबांच्या काळचा कप धाडण्याआधी त्याचं साल पाहावं.

गैरसमज ९ : घासूनपुसून लख्ख केलं की भाव वाढतो.

वस्तुस्थिती : उलट उतरतो. मुलामा केसापेक्षाही पातळ असतो. चिंच-मिठाने चार वेळा घासला की खालचं पिवळट निकेल सिल्व्हर उघडं पडतं आणि कोरलेली अक्षरं बुजतात. ही अक्षरंच तर वस्तूचा जन्मदाखला. मऊ सुती कापडाने धूळ टिपावी, कप कोरडा ठेवावा, फोटो प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नये. तुटलेला कान जोडायची घाई नको. डाग दिलेला कान लांबून बरा दिसतो, पण जाणकाराच्या डोळ्यांत वस्तू बिघडलेली असते.

या नऊ गोष्टींचं सार एकच आहे. हर्रासात आपण धातू, लाकूड किंवा कागद घेत नाही, त्याला चिकटलेली नोंद घेतो. नोंद गेली की कप भांडं होतो.

माझ्या कपावर गाव कोरलेलं आहे, पण संघातल्या पोरांची नावं नाहीत. वाड्यातल्या म्हाताऱ्या आजींना विचारलं, तर त्यांनी सात जणांपैकी चौघांची नावं सांगितली. कोण चढाई करायचा, कोण पकड करायचा, तेही सांगितलं. मी ती तिथेच उभ्याने पावतीच्या मागे उतरवून घेतली. घरी येऊन एका जाड कागदावर पेन्सिलीने लिहिलं : कप कुणाचा, कुठून आला, किती तारखेला, नावं कुणी सांगितली. पेन्सिलीने, कारण शाई फुटते, शिसं टिकतं. तो कागद घडी करून कपातच ठेवला. उरलेल्या तीन नावांसाठी खाली जागा सोडली आहे. पुढच्या बाजाराच्या दिवशी त्या गावी जायचं आहे.