मानव्यविद्यांचे भवितव्य आणि आपण

बारावीचे निकाल लागले की आपल्या घराघरांतून एकच प्रश्न चर्चिला जातो : मुलाने पुढे काय घ्यावे? अभियांत्रिकी, वैद्यकी, परिचर्या, संगणक ही नावे प्रथम येतात. इतिहास, भाषा, तत्त्वज्ञान, समाजशास्त्र यांची नावे बहुधा शेवटी, तीही गुण कमी पडले तर. मनुष्याची भाषा, स्मृती, श्रद्धा आणि समाज यांचा अभ्यास करणाऱ्या या विषयांना मानव्यविद्या म्हणतात. विद्यापीठांतून त्यांची आज काय स्थिती आहे आणि त्याच्याशी आपला श्रद्धावंत समाज म्हणून काय संबंध आहे, याचा थोडा विचार आम्ही येथे करीत आहोत.

कोल्हापूरची परंपरा

या विचारासाठी कोल्हापूरइतके योग्य नगर क्वचितच सापडेल. येथील करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचे, तर राजाराम महाविद्यालय १८८० सालचे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभारण्यास हातभार लावला. त्यांत ख्रिस्ती विद्यार्थीही होते. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन झाले ते तत्त्वज्ञ राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते, आणि पहिले कुलगुरू लाभले ते इतिहाससंशोधक डॉ. आप्पासाहेब पवार. त्यांनी संपादिलेली ताराबाईकालीन कागदपत्रे आजही अभ्यासकांना आधारभूत आहेत. वि. स. खांडेकर यांना १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला, तेही याच नगरीचे रहिवासी.

अडचण कोठे आहे?

कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात संस्थानकाळातील कागदपत्रे जतन केलेली आहेत. त्यांतील मोठा भाग मोडी लिपीत आहे. मोडीत शब्द सलग लिहिले जातात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नाही, भाषेत फारसी शब्दांची गर्दी असते आणि तिथी अनेकदा शुहूर सनाप्रमाणे दिलेली असते. असा एक कागद बिनचूक वाचण्यासाठी वर्षानुवर्षांचा सराव लागतो. तो सराव जाणत्या शिक्षकाजवळ बसूनच होतो. ही विद्या एका पिढीत खंडित झाली, तर पुढच्या पिढीला कागद दिसतील, पण वाचता येणार नाहीत.

दुर्दैवाने महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांत कायम शिक्षकांच्या जागा रिक्त राहतात आणि अध्यापन तासिका तत्त्वावरील शिक्षकांकडून करून घेतले जाते. शिकविलेल्या तासांपुरतेच मानधन मिळणाऱ्या शिक्षकाने दीर्घ संशोधन कशाच्या बळावर करावे? विद्यार्थ्यालाही घरचा आधार हवा असतो. बार्टी आणि सारथी यांसारख्या संस्थांच्या अधिछात्रवृत्तींमुळे अनेकांना संशोधन करता आले, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु प्रबंध पूर्ण झाल्यावर पुढे काय, हा प्रश्न उरतोच.

काही आशादायक गोष्टीही आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने विज्ञानाच्या विद्यार्थ्यालाही साहित्य वा इतिहास शिकण्याची वाट खुली केली आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. मात्र दर्जा हा मान आहे. त्याला अर्थ येतो तो जुने ग्रंथ वाचू शकणाऱ्या माणसांमुळे.

आपल्या श्रद्धेशी संबंध

आपल्याच वारशाचे उदाहरण घेऊ. येशूसंघीय धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाची त्या काळी छापलेली एकही प्रत आज उपलब्ध नाही. तरीही तो आपल्या हाती आहे, कारण हस्तलिखिते जपली गेली आणि अभ्यासकांनी ती वाचली. १९०७ मध्ये मंगळूर येथे जे. एल. सालढाणा यांनी ती संपादित केली, १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी पुण्यात देवनागरी आवृत्ती काढली, आणि पुढे फादर नेल्सन फलकाव यांनी हा ग्रंथ आजच्या मराठी गद्यासह सिद्ध केला. या अभ्यासकांनी परिश्रम घेतले नसते, तर मराठी ख्रिस्ती साहित्याचा हा आद्य ठेवा आपल्याला केवळ नावाने ठाऊक असता.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी २०२० मध्ये उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले, तेव्हा आपल्या सर्वांना अभिमान वाटला. तो मानही भाषेच्या आयुष्यभराच्या साधनेतून आला होता. संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९८ च्या परिपत्रकात श्रद्धा व बुद्धी यांचे नाते उलगडले, तर २०२४ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी साहित्यवाचनाचे महत्त्व सांगणारे स्वतंत्र पत्रच लिहिले. परमेश्वराने मानवदेह धारण केला असे मानणाऱ्यांना मानवाचा अभ्यास परका कसा असेल?

आपण काय करू शकतो?

एखाद्या मुलाला वा मुलीला इतिहासाची किंवा भाषेची खरी ओढ असेल, तर तिला नाउमेद करू नये. उपजीविकेची चिंता रास्त आहे. म्हणून अशा विद्यार्थ्याला पुस्तके, शुल्क आणि निवास यांसाठी धर्मग्रामाने साहाय्य करावे. बाप्तिस्मा, विवाह व मृत्यू यांच्या जुन्या नोंदवह्या ओल व वाळवीपासून जपाव्यात आणि धर्मगुरूंच्या अनुमतीने त्यांच्या प्रतिमा काढून ठेवाव्यात. घरातील वृद्धांची पत्रे, प्रार्थनापुस्तके आणि गीतांच्या वह्या रद्दीत घालण्यापूर्वी एखाद्या जाणकाराला दाखवाव्यात.

विद्यापीठांतील जागा भरणे आपल्या हाती नाही. पण त्या जागांवर उद्या बसू शकतील अशी मुले मात्र आपल्याच घरांत वाढत आहेत. त्यांच्या वाटेत अडसर न होता त्यांचा आधार होण्याची बुद्धी प्रभू आपणांस देवो.